सातवी सुई

मास्तरांच्या दुकानात शिलाईच्या सुया सात होत्या. आठवी आणायची नाही आणि सहावर दुकान बंद करायचं नाही, हा नियम त्यांच्या वडिलांनी घालून दिला होता. वडील गेल्यावर मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, ताईंनी, तो असा काही उचलून धरला की वडील असते तर तेही दचकले असते. दुपारी एकला जेवणासाठी दुकान बंद होई तेव्हा एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा, ताई सुयांची उशी हातात घ्यायच्या, एकेका सुईच्या नेढ्यावर बोट ठेवत मोजायच्या आणि मोठ्यानं "सात" म्हणायच्या. मगच मास्तरांनी शटर ओढायचं. एकदा सहाच भरल्या तेव्हा ताईंनी भावाला गिऱ्हाइकाच्या घरी पिटाळलं होतं आणि त्याच्या अंगातला नवा कोट उतरवून घ्यायला लावला होता. सुई कॉलरमध्ये निघाली. ते गिऱ्हाईक पुन्हा कधी फिरकलं नाही, पण ताईंना त्याचं काही वाटलं नाही. सुई मिळाली होती.

दुसरा नियमही तितकाच कडक होता. पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर, आणि दुकानातली सुई मधला उंबरा ओलांडत नाही. घरात उठता-बसता पायात सुई जायला नको, म्हणून. तिसरा नियम भिंतीवर रंगवूनच घेतला होता : अर्जंट कामं घेतली जात नाहीत. मास्तर कापायचे आणि मशीनवर शिवायचे, ताई काजं-बटणं आणि हातशिलाई करायच्या. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. मास्तर साठीला टेकले होते, ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या होत्या आणि अजूनही त्यांना 'बाळ' म्हणायच्या. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

अशा या शिस्तीच्या घरात सात आठवड्यांपूर्वी एक मांजर शिरली. करड्या रंगाची, हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक. येऊन सरळ कातरणांच्या टोपलीत झोपली. मास्तरांनी आयुष्यात कधी कुंडीतलं रोपही सांभाळलं नव्हतं. पण त्यांनी टोपलीत वाकून पाहिलं, मांजरीनं एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. एवढ्यावर मास्तर विरघळले. ताईंनी तिला हाकलायला फुटपट्टी उचलली तेव्हा ते टोपलीच्या आणि फुटपट्टीच्या मधे उभे राहिले. साठ वर्षांत ते ताईंच्या आड पहिल्यांदाच आले होते.

"सुयांच्या घरात जनावर पाळायचं नसतं, बाळ," ताई म्हणाल्या. "उद्या तिच्या पोटात काही गेलं तर मी बघायची नाही. तुझं तू निस्तर."

टोपलीत चिंध्यांमधे पडलेली म्हणून त्यांनीच रागानं तिला चिंधी म्हटलं आणि तेच नाव पडलं. तिला घरात यायला बंदी झाली. तिनं दुकानातच राहायचं, टोपलीतच झोपायचं, आणि ताईंच्या मांडीवर, पायावर किंवा सावलीवरही बसायचं नाही.

मांजर पाळायची कशी, हे मास्तरांना कुठे ठाऊक होतं! इस्त्रीवाल्यानं सांगितलं दूध द्या, दूधवाल्यानं सांगितलं दूध अजिबात देऊ नका, मासे द्या. मासेवालीला मांजरांविषयी विचारलं तर तिनं मांजरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तरांनी मग सगळ्यांचं ऐकलं आणि सगळंच दिलं. दिवसातून चार वेळा. तिचं अंग धरतंय की नाही हे कळायला वजनकाटा नव्हता, पण टेप होती. दर सोमवारी ते चिंधीला कापायच्या टेबलावर उभी करायचे आणि मापांच्या वहीत, वकीलसाहेबांच्या आणि शाळेच्या मोठ्या बाईंच्या मापांखाली, लिहायचे : चिंधी. मान, छाती, कंबर, पाठीची उंची. थंडी पडली तेव्हा त्यांनी तिला उरलेल्या लोकरी कापडाचं जाकीट शिवलं, पोटाखाली तीन प्रेसबटणं लावून. चौथ्या आठवड्यात ते कमरेला घट्ट झालं तेव्हा मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी शिलाई उसवून अर्धा इंच वाढवला आणि इस्त्रीवाल्याला बोलावून ते माप दाखवलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक इंच वाढवला. आपल्या हातचं खाऊन एक जीव भरतोय, याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं.

तर त्या दिवशी सकाळी मास्तर वकीलसाहेबांकडे कोटाची ट्रायल घ्यायला गेले होते. कोट लाल दोऱ्यानं कच्चा टाचलेला होता. मास्तर टाचायला नेहमी लाल दोरा घेत, उसवताना चटकन दिसावा म्हणून. वकीलसाहेबांना घाई होती, त्यामुळे मास्तर लवकर परतले. दुकानात ताई नव्हत्या. त्यांनी हाक मारली तशा ताई आतल्या खोलीतून लगबगीनं बाहेर आल्या आणि इतक्या लवकर कसा काय आलास म्हणून त्यांच्यावरच डाफरल्या. त्यांच्या मागोमाग चिंधीही आतून डुलत आली. मास्तरांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तर ताई म्हणाल्या, शिरली असेल चोरून, तुझीच लाडावलेली. मास्तरांनी मशीन सुरू केलं.

एक वाजला. ताईंनी उशी हातात घेतली, मोजलं, थांबल्या, पुन्हा मोजलं.

"सहा," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा हात आपसूक शर्टाच्या खिशापाशी गेला. काम करता करता सुई खिशाच्या कडेला खोचायची त्यांना सवय होती, आणि त्या सवयीवरून त्यांनी चाळीस वर्षं बोलणी खाल्ली होती. खिशाला सुई नव्हती. तेवढ्यात त्यांची नजर टोपलीकडे गेली. चिंधीनं दुपारच्या माशाला तोंड लावलं नव्हतं. ती टोपलीत गोल गोल फिरत होती, चिंध्या पायांनी ओढत होती, बसत होती, पुन्हा उठत होती. आणि तिच्या मिशीला, ओठाच्या अगदी कडेला, वीतभर लाल दोरा चिकटला होता.

मास्तरांनी तो उचलला. दोरा नुसताच निघून आला, त्याच्या टोकाला काही नव्हतं.

दवाखाना चारला उघडणार होता. मधल्या तीन तासांत दोघांनी दुकान पिंजून काढलं. कातरणांची टोपली ओतली, मशीनखालची फळी उचलली, टाचण्या गोळा करायचं मोठं चुंबक जमिनीवरून इंच इंच फिरवलं. अकरा टाचण्या, दोन हुक आणि एक जुनं नाणं निघालं. मास्तर धावत वकीलसाहेबांकडे गेले आणि जेवून पुन्हा कोर्टात निघालेल्या माणसाला अडवून सकाळी घाईत तिथेच राहिलेला कोट उलटा करून घेतला. कोटातही सुई नव्हती. आता राहिली चिंधी. ताईंनी चुंबक मास्तरांच्या हातात दिलं आणि मान वळवली. मास्तरांनी ते हळूच चिंधीच्या पोटाखाली नेलं, आणि ते टक्कन पोटाला चिकटलं.

मास्तर मटकन खाली बसले. शेवटी ताईंनीच वाकून पाहिलं आणि सांगितलं की चुंबक जाकिटाच्या प्रेसबटणाला चिकटलंय. जाकीट काढल्यावर ते कुठेच चिकटेना. पण मास्तरांचं समाधान झालं नाही. सुई बारीक, पोट एवढं भरलेलं, खोलवर गेली असेल तर चुंबकाला काय कळणार, असं त्यांना वाटत राहिलं. घरात शोधायचा तर प्रश्नच नव्हता. दुकानची सुई उंबरा ओलांडत नसते.

ताईंनी एका शब्दानं 'सांगितलं नव्हतं?' म्हटलं नाही. बोलल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसून दाराबाहेर बघत होत्या, आणि जेवणाची ताटं आत झाकलेलीच होती. मास्तर टोपलीशेजारी जमिनीवर बसले. चिंधीनं त्यांच्या तळहातावर डोकं ठेवलं तेव्हा त्यांना रडू आलं. सात आठवड्यांपूर्वी हे जनावर त्यांचं कुणी नव्हतं. आपण तिला चार वेळा जेवू घातलं, थंडी लागू नये म्हणून जाकीट शिवलं, आणि आपल्याच खिशातली सुई तिला खाऊ घातली. गल्लीतून फिरत राहिली असती तर निदान जगली तरी असती, असं त्यांच्या मनात येत होतं.

पावणेचारला ते टोपली घेऊन निघाले. वरून एक जुना पडदा बांधला होता. ताई येणार नव्हत्या, त्यांनी तसं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मास्तर कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा मागून शटर ओढल्याचा आवाज आला, आणि सुयांची उशी पिशवीत घालून ताई त्यांच्या पाठोपाठ चालायला लागल्या. दोघं दवाखान्यात पोचले.

तिथे एक पोपट आणि दोन कुत्री आधीच बसली होती. मास्तरांचा चेहरा बघून पोपटवाल्या गृहस्थांनी आपण होऊन नंबर दिला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाह्या दुमडलेल्या आणि मनगटावर ताजे ओरखडे. त्यांनी शांतपणे विचारायला सुरुवात केली. सुई गेलेली पाहिली का? नाही. मग कशावरून? मास्तरांनी लाल दोरा दाखवला, जो त्यांनी कागदाच्या पुडीत जपून आणला होता. ताईंनी पुरावा म्हणून सहा सुयांची उशी टेबलावर ठेवली. उलटी? आज नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन-तीनदा झाली होती, दूधवाला म्हणाला दुधानं. वजन?

"वजन नाही केलं कधी, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "मापं आहेत."

आणि त्यांनी पिशवीतून मापांची वही काढली. डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. त्या बराच वेळ वहीत बघत होत्या. मग त्यांनी वही बाजूला ठेवली, चिंधीच्या पोटावरून दोन्ही हात हलके फिरवले, एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या की हाताला काहीतरी लागतंय, पण सुईचं म्हणताय तर अंदाजावर नको, एक्स-रे काढून खात्रीच करू या. मास्तरांनी त्यातलं 'हाताला लागतंय' एवढंच ऐकलं. ताईंनी त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं, आणि धरलेला दंड नंतरही सोडला नाही.

पंधरा मिनिटांनी आतून बोलावणं आलं. भिंतीवरच्या उजेडाच्या काचेवर काळा फोटो लावलेला होता. मास्तरांनी एकदाच पाहिलं. चिंधीच्या पोटाच्या जागी बारीक, पांढऱ्या, वाकड्या रेषा दिसत होत्या. एक नाही. पुष्कळ.

त्यांनी बोटानं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

"डॉक्टर," ते कसंबसं म्हणाले, "किती सुया गेल्यात?"

"सुई एकही नाही, काका."

"अहो, मग या काय दिसतायत?"

"हे पाठीचे कणे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पेनच्या टोकानं दाखवायला लागल्या. "हा एक. याचं डोकं इथे. हा दुसरा. हा तिसरा थोडा वळून झोपलाय. आणि हा इथे, आईच्या फासळ्यांपाशी, चौथा. चार पिल्लं आहेत. आठ-दहा दिवसांत होतील. ती चिंध्या ओढते आहे ना, ती जागा करते आहे."

मास्तर फोटोकडे बघत राहिले. सुई नाही, हे आधी डोक्यात शिरलं. मग हळूहळू बाकीचं शिरायला लागलं. त्यांचा जीव भांड्यात पडला तो असा की त्यांना पुन्हा बसावं लागलं. या खेपेला ते बसता बसता हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि दोन्हींपैकी काय आधी थांबवावं हे त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मापांची वही उचलली. चेहरा गंभीर ठेवायचा त्या पुष्कळ प्रयत्न करत होत्या.

"काका, एक विचारू? छाती तेवढीच, मान तेवढीच, आणि कंबर सात आठवड्यांत साडेतीन इंच वाढलेली. अशी मापं घेऊन कुणी सूनबाई तुमच्याकडे आल्या असत्या, तर तुम्ही काय समजला असता?"

उभ्या गल्लीत कुणाकडे पाळणा हलणार हे सासूच्या आधी मास्तरांना कळायचं. टेप कमरेला लावली की ते न बोलता शिलाईत दोन इंच जास्त कापड सोडायचे आणि गिऱ्हाईक लाजायचं. चाळीस वर्षांत एकदाही अंदाज चुकला नव्हता. आणि इथे दर सोमवारी स्वतःच्या हातानं माप लिहून, स्वतःच्या हातानं जाकीट वाढवून, ते इस्त्रीवाल्याला सांगत होते की माशांचा गुण आहे.

डॉक्टरीणबाईंनी मग काय काय करायचं ते सांगितलं. दूध बंद. जाकीट बंद. खाणं थोडं थोडं, आणि दिलेली पावडर त्यात मिसळून. दुकानात सुया-दोरे असतात, तेव्हा पिल्लांना तिथे अजिबात ठेवायचं नाही. आज सुई नव्हती, पण भीती खोटी नव्हती. नुसता दोरा गिळला तरी आतडं कापतो, हे लक्षात ठेवा. घरात एखादा शांत, अंधारा कोपरा बघा, म्हणाल्या, आणि तिथे एक मऊ गादी घाला.

"गादी आहे," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. घरात मांजराची गादी कुठून आली? पण ताईंचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं होतं, आणि त्या टेबलावरच्या उशीकडे, तिच्यातल्या सहा सुयांकडे, टक लावून बघत होत्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि घाईघाईनं उशी पिशवीत टाकली.

परतीच्या वाटेवर ताई पुढे आणि मास्तर टोपली घेऊन मागे. ताईंना गाठताना त्यांना धाप लागली. घरी पोचताच ताई थेट आतल्या खोलीत गेल्या, पलंगाखालची ट्रंक ओढली, किल्ली लावली आणि चादरींच्या खालून एक घडी बाहेर काढली. पलंगावर ठेवून उलगडली.

ती लहानशी गादी होती. मखमलीच्या, लोकरीच्या, अस्तराच्या तुकड्यांची. मास्तरांनी एकेक तुकडा ओळखला. हा शाळेच्या मोठ्या बाईंच्या कोटाचा, हा कुणाच्या तरी झग्याचा, ही निळी मखमल दोन वर्षं ताईंनी कुणाला हात लावू दिली नव्हती ती. तीन बाजू लाल दोऱ्यानं शिवून झाल्या होत्या, दाणे मोजून घ्यावेत अशा एकसारख्या टाक्यांनी. चौथी बाजू अर्धी झाली होती. आणि जिथे शिलाई थांबली होती तिथे, कापडात नीट खोचून ठेवलेली, सातवी सुई होती.

"घरातली सुई जाड आहे," ताई गादीकडे बघत म्हणाल्या. "मखमलीला भोक पडत होतं. म्हणून सकाळी दुकानातली आणली. ही बया शेजारी बसून दोरा ओढत होती. तेवढ्यात तू आलास, आणि लपवायच्या घाईत सुई इथेच राहिली, हे साफ विसरले."

मास्तरांना खूप काही विचारायचं होतं. कधीपासून शिवते आहेस, मला का नाही सांगितलंस, आणि ती चोरून आत शिरत होती की तू हाताला धरून आणत होतीस. यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ताईंच्या डोळ्यांतलं पाणी आपण पाहिलं नाही असं दाखवायची त्यांना लहानपणापासून सवय होती.

"तीन तास मला वाटत होतं, माझ्यामुळे गेली ती," एवढंच ते म्हणाले.

"मला वाटत होतं, मी बोलले म्हणून," ताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी वाईट बोलून बसले होते ना. ते खरं झालं असतं तर मी काय केलं असतं रे, बाळ?"

चिंधीनं टोपलीतून उडी मारली, गादीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली. ताईंनी आधी झटकन सुई काढून घेतली होती.

गादी तोकडी होती. एका मांजरीच्या मापानं शिवली होती, पाच जिवांना कशी पुरणार? ताईंनी टेप मागितली, मास्तरांनी दिली. ताईंनी अंदाज घेतला आणि सांगितलं, दोन्हीकडून वीत वीत वाढवावी लागेल, चल, कापड काढ. मग त्यांनी चिंधीला गादीवरून उठवलं, कडेवर घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं, पाण्याची वाटी भरली आणि मधलं दार लावून घेतलं. शिवायचं ते दुकानात. आज एकदा झाली ती चूक पुरे होती.

साडेपाचला शटर पुन्हा वर गेलं. मास्तरांनी कापायच्या टेबलावर वकीलसाहेबांच्या कोटाचं उरलेलं लोकरी कापड पसरलं आणि वीत वीत रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या. ताई स्टुलावर बसल्या, चष्मा नाकावर ओढला आणि सातवी सुई ओवली. भर दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा.

तेवढ्यात इस्त्रीवाला पँट अल्टर करून घ्यायला आला. लग्नाला जायचंय, आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणाला. भिंतीवरची पाटी त्यानं पंचवीस वर्षं वाचलेली होती, तरी तो प्रत्येक वेळी हेच म्हणायचा.

"उद्या या," ताई मान वर न करता म्हणाल्या. "आज अर्जंट काम आहे."

इस्त्रीवाल्यानं पाटीकडे पाहिलं, ताईंच्या मांडीवरच्या निळ्या मखमलीकडे पाहिलं आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खाली मान घालून पट्टीच्या कडा जुळवल्या. सात वाजता ताईंनी शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला, सुई उशीत खोचली आणि पहिल्यांदाच उशी भावाच्या हातात दिली. आज तू मोज, म्हणाल्या. मास्तरांनी मोजल्या. सात भरल्या. ताईंनी त्यांना पुन्हा मोजायला लावल्या, आणि मग दोघं गादी घेऊन आत गेले.